नववा गोळा ठेवायचा की काढायचा? सूर्यमालेच्या किटांचं परीक्षण

स्टेशनरीच्या दुकानात शाळेच्या प्रकल्पासाठी मिळणारं सूर्यमालेचं किट उघडलं की आधी गोळे मोजावेत. सूर्य बाजूला ठेवून आठ निघाले तर किट बनवणाऱ्याने प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढणारा 2006 सालचा निर्णय मानलाय. नऊ निघाले तर एक तर जुनाच साचा चालू आहे, किंवा गिऱ्हाईक कुरकुर करायला नको म्हणून प्लूटोही आत घातलाय. आठ का किंवा नऊ का, हे सांगणारा कागद मात्र दोन्ही खोक्यांत नसतो. आणि प्रदर्शनात पोरांना हमखास विचारला जाणारा प्रश्न तोच असतो: प्लूटो कुठाय?

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकारचा माल आहे. थर्माकोलच्या गोळ्यांचं किट, हँडलवर किंवा मोटरवर फिरणारी सूर्यमाला, आणि भिंतीवर लावायचा तक्ता. तिन्हींत एकच गोष्ट दिसते असं समजून लोक स्वस्त ते उचलतात. खरं तर ग्रह आकारावरून ओळखावा की कक्षेवरून असा वाद आहे, आणि गोळ्यांचं किट घेणारा नकळत त्याच्या एका बाजूला जाऊन बसतो आणि कक्षा दाखवणारं यंत्र घेणारा दुसऱ्या. म्हणून इथे रंग, टिकाऊपणा याबरोबरच एक जास्तीची कसोटी लावली आहे: या वस्तूवरून ग्रहाची व्याख्या समजावता येते का?

व्याख्या थोडक्यात अशी. 24 ऑगस्ट 2006 रोजी प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोल संघाने मतदान घेऊन तीन अटी घातल्या. वस्तू सूर्याभोवती फिरणारी हवी. स्वतःच्या गुरुत्वाने दाबून जवळपास गोल झालेली हवी. आणि तिने आपल्या कक्षेचा शेजार साफ केलेला हवा. पहिल्या दोन अटी पाळणारी, तिसरीत नापास होणारी आणि कुणाचा उपग्रह नसलेली वस्तू म्हणजे बटुग्रह. आज अधिकृत बटुग्रह पाच आहेत: सीरिस, प्लूटो, हौमिया, माकेमाके, एरिस. गोलपणा गोळ्यात दिसतो, पण पहिली आणि तिसरी अट कक्षेची आहे. किटांची सगळी गडबड इथून सुरू होते.

थर्माकोलचे गोळे

सर्वांत जास्त खपणारं किट हेच. सूर्याचा गोळा साधारण 10 सेंमी, गुरू त्याच्या जरा खाली, पृथ्वी लिंबाएवढी, प्लूटो बोराएवढा. आता हिशेब करून बघा. सूर्य 10 सेंमीचा धरला तर गुरू जेमतेम 1 सेंमीचा, पृथ्वी 0.9 मिलिमीटरची आणि प्लूटो 0.17 मिलिमीटरचा, म्हणजे बारीक मिठाच्या कणाहूनही लहान. किट बनवणाऱ्याची यात चूक नाही, खऱ्या प्रमाणात केलं तर खोक्यात सूर्य सोडून काही दिसणारच नाही. चूक एवढीच की खोक्यावर 'गोळे प्रमाणात नाहीत' ही ओळ नसते. मग बोराएवढा प्लूटो बघून मूल सरळ म्हणतं, एवढा मोठा आहे की, काढला कशाला?

यावर उपाय स्वयंपाकघरात आहे. 1 मिलिमीटर म्हणजे 1000 किलोमीटर असं प्रमाण धरा. पृथ्वी 12.7 मिमी आणि शुक्र 12.1 मिमी, म्हणजे दोन गोट्या. मंगळ 6.8 मिमी, एक वाटाणा. बुध 4.9 मिमी, काळी मिरी. चंद्र 3.5 मिमी, मध्यम साबुदाणा. प्लूटो 2.4 मिमी आणि एरिस 2.3 मिमी, दोन्ही जाड्या मोहरीचे दाणे. सीरिस जेमतेम 1 मिमी, खसखस. गुरू मात्र 14.3 सेंमी आणि शनी 12 सेंमी, तेवढ्यांसाठी बाहेरून मोठे गोळे आणा. युरेनस आणि नेपच्यून साधारण 5 सेंमीचे. सूर्य 1.39 मीटरचा होतो, तो खडूने जमिनीवर आखावा. अंतरं याच प्रमाणात मांडायच्या फंदात पडू नका: पृथ्वी सूर्यापासून 150 मीटरवर जाते, नेपच्यून साडेचार किलोमीटरवर, आणि प्लूटोची मोहरी ठेवायला 4.4 ते 7.4 किलोमीटर लांब रिक्षा करावी लागेल.

या मांडणीतून दोन गोष्टी लगेच कळतात. बुधाच्या मिरीशेजारी आणखी दोन जराशा मोठ्या मिऱ्या ठेवा. एक गुरूचा उपग्रह गॅनिमीड, 5268 किमी. दुसरा शनीचा टायटन, 5150 किमी. दोघे बुधाहून मोठे आहेत आणि तरी ग्रह नाहीत, कारण ते सूर्याभोवती थेट फिरत नाहीत. म्हणजे नुसत्या आकाराने काही ठरत नाही. दुसरी गोष्ट मोहरीच्या दोन दाण्यांची. 2005 मध्ये एरिसचा शोध जाहीर झाला तेव्हा तो प्लूटोहून मोठा वाटला होता. पुढे मोजमाप सुधारलं, व्यास किंचित कमी निघाला, पण वस्तुमान प्लूटोपेक्षा पाव पटीहून थोडं जास्तच. प्लूटो ग्रह असेल तर एरिस का नाही, याला सरळ उत्तर नव्हतं, आणि म्हणूनच प्रागमध्ये हा विषय मतदानाला गेला. 16 ऑगस्टला आलेल्या पहिल्या मसुद्यात तर सीरिस, प्लूटोचा जोडीदार शॅरन आणि एरिस धरून बारा ग्रह होते. तो मसुदा टिकला असता तर आज दुकानात बारा गोळ्यांचं किट असतं.

गोलपणाची अटही गोळ्यांवर दाखवता येते, पण किटातले गोळे फारच सरळसोट गोल असतात. शनीचा विषुववृत्तीय व्यास 1,20,536 किमी आणि ध्रुवांमधून 1,08,728 किमी. आपल्या 12 सेंमीच्या गोळ्यावर हा फरक जवळपास 12 मिमीचा होतो. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने वर-खाली सहा-सहा मिमी घासून काढा, चपटेपणा नीट दिसतो. घासताना एकाच दिशेने हलका हात ठेवा, जोर लावला की दाणेच्या दाणे उपटून येतात. हौमिया तर चार तासांच्या आत स्वतःभोवती एक फेरी मारतो, त्यामुळे तो ताणून बदामासारखा लांबट झालाय. तरीही तो बटुग्रहांच्या यादीत आहे, कारण अट चेंडूसारखं गोल असण्याची नाही. गुरुत्व आणि फिरणं यांचा तोल साधून जो आकार येतो तो आलेला असण्याची आहे. खोक्यातल्या माहितीपत्रकात 'ग्रह गोल असतो' एवढंच छापलेलं असतं, ते खोडून हे लिहून घ्यावं.

रंगकाम. यात सर्वांत जास्त किटं वाया जातात. स्प्रेचा डबा थर्माकोलवर मारू नका. त्यातलं द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवतं आणि गुरूवर लाल डाग पडण्याऐवजी खड्डा पडतो. बूट चिकटवायचा पिवळा रबरी गोंदही तेच करतो. फेव्हिकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून आधी दोन हात द्या, मधे अर्धा-पाऊण तास सुकू द्या, मग पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक लावा. हा थर नसेल तर रंग दाण्यांच्या फटीत जातो आणि पृष्ठभाग माशाच्या खवल्यांसारखा दिसतो. गोळा बांबूच्या काडीवर टोचून बटाट्यात उभा केला की हात न लावता सुकतो.

सोबतच्या रंगतक्त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. नेपच्यूनला गडद शाईसारखा निळा सांगितलेला असतो. 1989 मध्ये व्हॉयेजर 2 यानाने पाठवलेली छायाचित्रं ढग ठळक दिसावेत म्हणून गडद करून छापली गेली, तोच रंग जगभर पक्का बसला. 2024 च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खऱ्या रंगांचं गणित पुन्हा मांडलं गेलं. त्यानुसार युरेनस आणि नेपच्यून दोघेही फिकट हिरवट निळे, नेपच्यून किंचित जास्त निळा. एकच बाटली दोघांना वापरा आणि नेपच्यूनच्या भागात निळ्याचे दोन थेंब जास्त टाका. प्लूटो बहुतेक किटांत निळा किंवा सिमेंटसारखा करडा सांगितलेला असतो. 14 जुलै 2015 ला न्यू होरायझन्स यान त्याच्याजवळून गेलं तेव्हा फिकट बदामी, काही ठिकाणी गडद तपकिरी असा चेहरा समोर आला, आणि त्यावर नायट्रोजनच्या बर्फाचं मोठं फिकट मैदान. दुधात चहाचा थेंब टाकल्यासारखी छटा करा.

शनीची कडी पुठ्ठ्याची येते आणि गोळ्याला गच्च बसते. खऱ्या शनीपाशी मोकळी जागा आहे. 12 सेंमीच्या गोळ्याला मुख्य कड्यांची आतली कड 15 सेंमी आणि बाहेरची 27 सेंमी व्यासाची कापावी. मग कडी टेकायला काही उरत नाही, चार आगपेटीच्या काड्या खोचून त्यावर ठेवावी लागते.

फिरती सूर्यमाला

किंमत गोळ्यांच्या किटाच्या दुप्पट-तिप्पट. मधे सूर्याचा दिवा, खाली दात्यांची चाकं, त्यावर आडव्या काड्या आणि काड्यांच्या टोकाला ग्रह. स्वस्त प्रकारात सगळ्या काड्या एकाच वेगाने फिरतात, त्यात पैसे घालू नयेत. बऱ्या प्रकारात बुध भराभर आणि शनी रेंगाळत जातो. बुधाची फेरी 88 दिवसांची आणि नेपच्यूनची 165 वर्षांची, म्हणजे गुणोत्तर सुमारे 684 ला 1. ते प्लास्टिकच्या चाकांना झेपणारं नाही. सहसा शनीपर्यंतचं प्रमाण ठीक आणि पुढचं अंदाजाने, एवढ्यावर समाधान मानावं. हँडल उलटं फिरवलं की दाते निसटतात आणि मग मंगळ टकटक आवाज करत जागीच उडतो. चाकांत तेल सोडू नका, धूळ धरते. पेन्सिलीच्या शिशाची पूड चालते.

आता मुद्दा. नऊ काड्यांचं यंत्र घेतलंत तर प्लूटोची काडी इतरांच्याच पातळीत, अगदी गोल वर्तुळात फिरते. म्हणजे ज्या कारणाने तो वेगळा ठरला ते कारणच यंत्राने पुसून टाकलं. आठ काड्यांचं यंत्र त्यापेक्षा बरं, पण त्यातही प्लूटो का नाही याचं उत्तर मिळत नाही. ते उत्तर स्वतः जोडून घ्यायला लागतं, आणि त्याला खर्च शंभर रुपयांच्या आत आहे.

मोठी कार्डशीट घ्या, 22 बाय 28 इंचाची. खाली थर्माकोलची शीट ठेवा, नाहीतर टाचण्या सुटतात. 10 सेंमी अंतरावर दोन टाचण्या रोवा. दोऱ्याची 50 सेंमीची बंद फेरी बनवा. गाठीसाठी दोरा 55 सेंमी कापा आणि तो न ताणणारा असावा, शिवणकामाचा चालतो, इलास्टिक नको. फेरी दोन्ही टाचण्यांभोवती टाकून पेन्सिलीने ताणत फिरवा. ही प्लूटोची कक्षा. दोनांपैकी एक टाचणी म्हणजे सूर्य. तो केंद्र धरून 15.2 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, तो नेपच्यून. गुरू 2.6 सेंमीवर येतो, सीरिस 1.4 सेंमीवर आणि पृथ्वी अर्ध्या सेंमीवर. पृथ्वीचं वर्तुळ कंपासने नीट येत नाही, हातानेच काढा.

सूर्याच्या टाचणीजवळच्या टोकाला पेन्सिलीची रेघ 15 सेंमीवर आहे, म्हणजे नेपच्यूनच्या दोन मिलिमीटर आत. 1979 ते 1999 प्लूटो खरोखरच तिथे, नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. दुसऱ्या टोकाला तीच रेघ 25 सेंमीवर जाते. कागदावर दोन कक्षा दोन ठिकाणी एकमेकींना छेदतात आणि बघणारा विचारतो, टक्कर कशी होत नाही? म्हणून पुढची पायरी. नेपच्यूनचं वर्तुळ 16 सेंमी त्रिज्येच्या तबकडीत कापून 8 सेंमीच्या ठोकळ्यांवर ठेवा. सव्वा मीटर तार घेऊन ती प्लूटोच्या रेघेवरून वळवून घ्या आणि तिरकी बसवा: सूर्याजवळचं टोक तबकडीच्या 4 सेंमी वर, लांबचं टोक पावणेसात सेंमी खाली. प्लूटोची कक्षा 17 अंश कललेली आहे, त्याचं हे साधारण रूप. तार आता तबकडीला कुठेच लागत नाही. ती तबकडीच्या पातळीला छेदते तीही नेपच्यूनच्या रेघेच्या चांगली साडेतीन सेंमी बाहेर. त्यात भर म्हणजे नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या बरोबर दोन होतात, त्यामुळे दोघे एकमेकांच्या जवळ येतच नाहीत. यंत्राला चाकं जोडायची असतील तर नेपच्यूनला 24 आणि प्लूटोला 36 दाते धरा, हिशेब जुळतो.

जाता जाता एक गंमत. तार ज्या दोन ठिकाणी पातळी छेदते ते पातबिंदू. चंद्राच्या कक्षेचे असेच दोन पात म्हणजे आपल्या पत्रिकेतले राहू आणि केतू. नवग्रहांत रवी आहे, चंद्र आहे आणि हे दोन नुसते बिंदूही आहेत, पृथ्वी मात्र नाही. 'ग्रह' या शब्दाचा अर्थ बदलण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. 1801 मध्ये सापडलेला सीरिसही काही दशकं ग्रहांच्या यादीतच होता.

तारेची कक्षा बसली की 15 ते 25 सेंमीच्या पट्ट्यात खसखस भुरभुरा. हा कायपर पट्टा, म्हणजे नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ वस्तूंचा पट्टा. प्लूटोची मोहरी या खसखशीत ठेवली की तिसरी अट न बोलता कळते. आकडेच हवे असतील तर खगोलशास्त्रज्ञ स्टीव्हन सोटर यांनी 2006 मध्ये मांडलेलं गुणोत्तर वापरा: वस्तूचं वस्तुमान भागिले तिच्या पट्ट्यातल्या बाकी सगळ्यांचं वस्तुमान. पृथ्वीसाठी ते सुमारे 17 लाख येतं, सीरिससाठी 0.33, प्लूटोसाठी 0.077. वजनकाट्यावर दाखवायचं तर एका पिशवीत किलोभर तांदूळ, तो शेजार. दुसरीत 77 ग्रॅम, तो प्लूटो. पृथ्वीच्या बाजूने हेच करायला गेलात तर 1 ग्रॅम शेजारासमोर 17 क्विंटल तांदूळ लागेल. ग्रह आणि बटुग्रह यांच्यामध्ये एवढी मोठी दरी असल्यामुळेच ही अट टिकून आहे.

परीक्षक चतुर असेल तर विचारेल: मग नेपच्यूनने तरी कुठे साफ केलंय, प्लूटो तिथेच आहे ना? आणि गुरूच्या कक्षेत हजारो ट्रोजन लघुग्रह आहेत त्यांचं काय? उत्तर असं की साफ करणं म्हणजे झाडून पुसून रिकामं करणं नव्हे, सत्ता चालवणं. नेपच्यून प्लूटोच्या जवळपास 7,900 पट जड आहे आणि 3:2 ची लय त्यानेच लावून दिली आहे. ट्रोजनही गुरूच्या गुरुत्वाने धरून ठेवलेल्या जागीच राहतात. तरीही 'शेजार साफ' हे शब्द ढिसाळ आहेत हे मान्यच करायला हवं. ठरावात आकडा नाही, आणि तो फक्त आपल्या सूर्यमालेपुरता आहे. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांना लागू पडत नाही.

तक्ता

यावर फार लिहिण्यासारखं नाही. घेताना चार ठिकाणी बघा. बटुग्रह आणि लघुग्रह हे शब्द एकमेकांच्या जागी छापलेत का. सीरिस मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये दाखवलाय का. लघुग्रहांचा पट्टा खडीच्या ढिगासारखा काढलाय का (सगळ्या पट्ट्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे 3 टक्के भरतं). आणि शनीच्या उपग्रहांचा आकडा काय दिलाय: मार्च 2025 मध्ये तो 274 वर गेला, त्यामुळे ठळक अक्षरात 62 किंवा 82 दिसलं की माल जुना. लॅमिनेशन केलेला तक्ता ट्यूबलाइटखाली चमकतो आणि मागच्या बाकावरून वाचता येत नाही, मॅट कागद घ्या.

मग कोणतं घ्यावं

पैसे एकाच वस्तूत घालायचे असतील तर साधं गोळ्यांचं किट घ्या आणि कक्षेचा कागद घरी करा. फिरती सूर्यमाला दिसायला छान, पण व्याख्येच्या बाबतीत ती अर्धवटच बोलते. खोक्यात नववा गोळा असेल तर फेकू मात्र नका. 2006 चा निर्णय सगळ्यांनी गिळलेला नाही. प्रागच्या सभागृहात सुमारे सव्वाचारशे जणांनी मतं दिली, तेव्हा संघाचे सदस्य नऊ हजारांच्या आसपास होते. न्यू होरायझन्सचे प्रमुख ॲलन स्टर्न आणि त्यांच्या बाजूचे भूशास्त्रज्ञ म्हणतात की ग्रह त्याच्या अंगावरून ओळखावा, पत्त्यावरून नाही. 2017 मध्ये ग्रहशास्त्रज्ञ कर्बी रनियन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या व्याख्येत गोल झालेली आणि तारा न झालेली प्रत्येक वस्तू ग्रहच; त्या हिशेबाने आपला चंद्रसुद्धा ग्रह, आणि एकूण संख्या शंभराच्या वर. डोंगर, हिमनद्या, वातावरण यांचा अभ्यास करणाऱ्याला ही व्याख्या सोयीची आहे. ग्रहमाला कशी घडली हे शोधणाऱ्याला प्रागवाली. प्रागच्या त्या सभेत खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल बर्नेल यांनी तर एक छत्रीच उघडून दाखवली होती: छत्री म्हणजे 'ग्रह' हा शब्द आणि तिच्याखाली अभिजात ग्रह आणि बटुग्रह दोघेही. ती छत्री मतदानात मिटली गेली.

नववा गोळा वापरायची सर्वांत चांगली जागा म्हणजे प्लूटो आणि शॅरनची जोडी. प्लूटोला 4 सेंमीचा गोळा असेल तर शॅरनला 2 सेंमीचा मोती घ्या. दोन्हींची केंद्रं 33 सेंमी अंतरावर येतील अशी सळई लावा आणि प्लूटोच्या केंद्रापासून साडेतीन सेंमीवर दोरा बांधून टांगा. ही जागा गोळ्याच्या पृष्ठभागापासून दीड सेंमी बाहेर आहे आणि दोघेही तिच्याभोवती फिरतात. शॅरनला बारा ग्रहांच्या मसुद्यात जागा मिळाली होती ती यामुळेच. सळई आडवी राहत नसेल तर प्लूटोत खिळे खोचून त्याचं वजन शॅरनच्या सव्वाआठ पट करा आणि सळई जितकी हलकी मिळेल तितकी घ्या. सायकलच्या चाकाची तार जड पडते, झाडूची काडी बरी.